सोनगीरच्या नानांची उडी

सतराव्या बोर्डावर नानांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं लांब नेऊन ठेवला. मी पुढच्या चालीला मात देणार होते. आता मात गेली.

"नाना, हे काय?"

"उडी," नाना शांतपणे म्हणाले.

सोनगीरच्या शाळेत माझी सायमल चालली होती. सायमल म्हणजे एकटीनं एकाच वेळी अनेकांशी खेळायचं. बावीस बोर्ड चौकोनात मांडलेले. मी आतून फिरते. मी समोर पोचले की त्या बोर्डावरच्यानं चाल करायची, मी उत्तर देऊन पुढे. धुळे-जळगावकडे नऊ वर्षं असे कार्यक्रम करतेय आणि तोवर एकही बोर्ड हरले नव्हते. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू?

मुख्याध्यापक धावत आले. "नाना, इल्लीगल चाल आहे. मागे घ्या."

"आमना गावमा राजाले एक उडी शे," नाना म्हणाले. "शह बसाना आगोदर, एकच डाव."

जुन्या देशी बुद्धिबळात तसं असतं, हे मी ऐकून होते. राजाला एकदाही शह बसला नसेल, तर एकदाच घोड्याची चाल. आणि नानांच्या राजाला मी अजून शह दिलाच नव्हता. पण त्या हल्ल्यासाठी मी अख्खा हत्ती दिला होता. उडी मान्य केली की मी हरणार, हे तिथेच दिसत होतं.

"सर बरोबर म्हणताहेत, नाना. असं चालत नाही."

नाना भांडले नाहीत. राजा मागे घ्यायला हात पुढे केला आणि सहज म्हणाले, "बरं ताई. मघाशी तुम्ही राजा आनि हत्ती संगेच हालाडात, मी काही बोलनू का? पाव्हनाले काय बोलानं!"

मी कॅसलिंग केलं होतं. एकाच चालीत राजा आणि हत्ती दोन्ही हलवून राजा सुरक्षित करायचा. नानांच्या खेळात ते नाहीच! म्हणजे हा माणूस तासभर समजत होता की बाईंनी लबाडी केली, आणि तरी गप्प बसला होता. शी! इतकी लाज मला कुठल्याच स्पर्धेत वाटली नव्हती.

शिवाय सुरुवातीला नियम सांगायचं काम कोणाचं? माझंच. सत्काराच्या गडबडीत मी ते विसरले होते.

"मागे घेऊ नका, नाना. उडी मान्य," मी म्हटलं.

"अहो मॅडम, तुमचं रेकॉर्ड!"

"राहू द्या हो, सर."

पुढच्या चौदा चालींत मी हरले. हॉलमध्ये टाळ्यांचा नुसता कडकडाट. वाईट वाटलं, पण चहा येईपर्यंतच. कप हातात घेऊन नाना माझ्याशेजारी येऊन बसले. "ताई, ती राजा-हत्तीनी युक्ती माले शिकाडा ना."

शिकवली. मग त्यांनी त्यांच्या चार गोष्टी मला शिकवल्या. फार मजेत गेली ती संध्याकाळ.

स्पर्धेत नियमांचं पुस्तक पंचांच्या टेबलावर असतं. गावात ते समोरच्याच्या पोटात असतं, आणि पाहुण्यासमोर तो ते उघडत नाही. आपणच आधी विचारावं.