आईनं सांगितलेलं बँकॉक

आईच्या पुण्यानुमोदनाला सात बायका बोलायला उभ्या राहिल्या आणि सातही जणींनी माझंच कौतुक केलं. गेली होती आई, आणि गोडवे चालले होते माझे.

आमच्यात माणूस गेल्यावर पिंड, कावळा, तेरावं असलं काही नसतं. दारापुढे मांडव घालायचा, पांढऱ्या कपड्यांत सगळ्यांनी जमायचं, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणायचं, आणि मग ज्याला वाटेल त्यानं उभं राहून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचे. सगळ्यात शेवटी घरचा माणूस बोलतो. बाबा चार वर्षांपूर्वीच गेले होते, त्यामुळे घरचा माणूस म्हणजे आता मी एकटाच. बँकॉकला नोकरी करणारा, बातमी कळल्यावर दोन विमानं बदलून रायपूरला उतरलेला. तिथून टॅक्सीनं भिलाईला येईपर्यंत आईचं सगळं उरकून गेलं होतं.

पहिल्यांदा महिला मंडळाच्या अध्यक्षबाई उठल्या. सेक्टर १० मध्ये राहणाऱ्या, निवृत्त शिक्षिका, आवाज अजून वर्गातला.

"आमच्या ताई म्हणत, का पोरगा असावा तर माह्यासारखा. ऑफिसले आठ दिवस सुट्टी टाकली अन् अख्खं बँकॉक हात धरून दाखोलं आईले. आपले पोरं आपल्याले सिव्हिक सेंटरच्या बाजारले तरी नेतात का?"

मांडवात हलकासा हशा झाला. मला वाटलं, बाईंची काहीतरी गफलत झाली. मग दुसरी उठली आणि तीही तेच बोलली. तिसरीनं तर पदर डोळ्याला लावून माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गफलत कोणाचीच नव्हती. आईनंच सांगितलं होतं, बँकॉकहून परतल्यापासून दीड वर्ष, भेटेल तिला. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडतोय.

खरं काय ते इथे लिहून टाकतो. मी आईला बँकॉकमधलं एक विहार दाखवलं नाही की एक बाजार दाखवला नाही. ती आठ दिवसांसाठी आली होती; त्यातले चार घरातच बसली, बाकीच्यांसाठी मी तिला एक टूर विकत घेऊन दिली. चार दिवसांची, 'संस्कृती आणि खाद्यभ्रमंती', सकाळी आठ ते पाच, हिंदी बोलणाऱ्या गाईडसह. गाईड म्हणजे पंचविशीतली एक थाई मुलगी होती. ती वेळेआधीच इमारतीखाली येऊन थांबायची. इमारतीत फारशी वर्दळ नसताना मी आईला लिफ्टनं खाली नेऊन तिच्या ताब्यात द्यायचो आणि म्हणायचो, "आई, माझी शिफ्ट आहे."

माझ्या ऑफिसात शिफ्ट हा प्रकारच नाही. जहाजांनी जाणाऱ्या मालाचे कागद तयार करण्याचं काम, नऊ ते सहा, एसीत.

पण शब्द मी विचार करून निवडला होता. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर होते आणि मी सेक्टर २ च्या क्वार्टरात वाढलो. आमच्या घरी शिफ्ट म्हटलं की विषय संपला. बाबा रात्रपाळी करून येऊन झोपले की आई कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही, त्याआधीच गॅस बारीक करायची. पाहुण्यांचं येणं, नागपूरला जाणं, माझे वाढदिवस, सगळं बाबांची शिफ्ट बघून ठरायचं. शिफ्टवर निघालेल्या माणसाला थांबवायचं नाही आणि 'का?' म्हणून विचारायचं नाही, हे तिनं बाबा निवृत्त होईपर्यंत पाळलं. मी तिच्या नेमक्या त्या सवयीचा फायदा घेतला. दुसऱ्या कुठल्याही आईनं विचारलं असतं, की कोट-पाटलून घालून कसली रे तुझी शिफ्ट? आईनं विचारलं, "डबा करून देऊ का?"

का केलं मी असं? आता झाकून ठेवण्यात काय अर्थ आहे. आई भेटेल त्याला जयभीम म्हणायची. फोन उचलला की जयभीम, दारात दूधवाला आला की जयभीम, बाबांचे साहेब भेटले तरी जयभीम. भिलाईत त्याचं कोणाला काही वाटत नसे, मलाही नाही. बँकॉकला मात्र माझ्या इमारतीत तीन मराठी कुटुंबं होती. गणपतीत मी त्यांच्याकडे मोदक खायला जायचो, त्यांच्यातला म्हणून बसायचो. माझ्या आडनावावरून काही कळत नाही. मी कधी सांगितलं नव्हतं. कोणी आडून विचारलं तर मीही आडूनच टाळलं होतं. आईला घेऊन हिंडलो असतो तर कुठल्या तरी बाजारात, नाहीतर हॉटेलात त्यांच्यापैकी कोणी भेटलंच असतं, आणि आईनं हसून हात जोडले असते. मला त्या एका शब्दाची भीती वाटत होती, स्वतःच्या आईच्या तोंडून येणाऱ्या. बस, कारण एवढंच. याहून मोठं काही असतं तर निदान सांगायला बरं पडलं असतं.

टूरचा चौथा दिवस शनिवार होता आणि ऑफिस बंद होतं. तरीही मी शिफ्ट सांगितली आणि एका मॉलच्या फूडकोर्टात जाऊन सहा तास बसलो. त्याच दिवशी त्या मुलीनं आईला निजलेल्या बुद्धाची ती भली मोठी सोनेरी मूर्ती दाखवली. रोज संध्याकाळी न चुकता वंदना म्हणणारी माझी आई त्या मूर्तीपुढे उभी होती, तेव्हा मी बर्फ घातलेली कॉफी पीत पाच वाजायची वाट बघत होतो.

इकडे मांडवात बायका बँकॉक सांगतच होत्या, आणि मी ते पहिल्यांदा ऐकत होतो.

"तिथं म्हणे कच्च्या पपईची कोशिंबीर लाकडाच्या मोठ्या खलात कुटतात. ताईनं त्या दुकानवालीच्या हातातला बत्ताच घेतला! पोरगा म्हणे तिले, माह्या आईले ठेचा कुटायची सवय आहे, तिच्या हातचं खाऊन पाय."

"गोड भाताबरोबर आंबा खातात तिथले लोक. ताई तर पहिले खाऊनच नव्हती राहिली. पोरानं आपल्या हातानं घास भरवला, मंग खाल्ला."

"विहाराच्या पायऱ्या अशा उभ्या, अन् ताईचे तर गुडघे! पोरगा मांगून हात लावून होता पूर्ण चढेपर्यंत."

पपई, आंबा-भात, पायऱ्या. टूर बुक करताना कार्यक्रम मी वाचला होता, त्यातलं एकेक त्याच क्रमानं येत होतं. जिथे जिथे ती मुलगी उभी होती, तिथून आईनं तिला अलगद उचललं होतं आणि माझी स्थापना केली होती. उठून मांडवाबाहेर जावं असं वाटलं, पण मयताच्या घरचा माणूस उठून कुठे जाणार?

शेवटी शेजारच्या काकू उठल्या. आईच्या सगळ्यात जवळच्या. दोघी रोज सकाळी मैदानाला तीन फेऱ्या मारायच्या आणि पाच फेऱ्यांइतकं बोलायच्या. काकूंना माइक नको होता.

"मी तिचे फोटो पायले मोबाइलमधी. सत्तर-ऐंशी फोटो असतीन. सगळ्यात ही एकटीच हसून राहिली. मी म्हटलं, पोरगा कुठं आहे तुहा? एका फोटोत नाही! तर मलेच हसली. म्हणे, अवो येडे, फोटो काढणारा फोटोत कसा दिसन?"

सगळे हसले.

"अन् बाजार पायले नावेतून गेलते हे. नाव हलली अन् ही घाबरली. तवा पोरानं असं काही म्हटलं तिले, का ही हसून हसून लोटपोट. काय म्हटलं, ते नाही सांगितलं तिनं. मी किती वेळा विचारलं! म्हणे, ते त्यालेच विचार." काकूंनी डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. "सांग न बेटा, काय म्हटलं होतं?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"आठवत नाही, काकू," मी म्हणालो.

"लाजून राहिला," मागून कोणीतरी कौतुकानं म्हणालं.

बँकॉकच्या त्या आठ दिवसांनंतर मी भिलाईला एकदाच आलो होतो, चार दिवसांसाठी. तेव्हा आईनं मला मंडळात नेलं नाही, कोणाकडे चहालाही नेलं नाही. काकू आल्या तर "तो झोपला आहे" म्हणून दारातूनच परत पाठवलं. मला वाटलं, माझ्या आरामाची काळजी. आता कळलं की ती राखण करत होती. मी कुठे तोंड उघडेन आणि तिनं उभं केलेलं पोरगं कोसळेल, याची.

मग माझी पाळी आली. तासाभरापूर्वीच याच मांडवात सगळ्यांबरोबर मीही पंचशील म्हटलं होतं, आणि त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. आईनं ते रोज म्हटलं. भाजीवाल्यानं चुकून एक रुपया जास्त परत दिला तर ती उन्हातून परत जायची. आणि हीच बाई दीड वर्ष दारोदार माझ्यासाठी खोटं बोलत होती. उभा राहिलो तेव्हा खरं सांगायचं ठरवलं होतं. शपथेवर सांगतो, ठरवलं होतं. पण पुढे आईचा हार घातलेला फोटो होता. खरं सांगितलं असतं तर त्या सात जणींसमोर आधी ती खोटी पडली असती आणि मग मी. हे कारण चांगलं वाटतं. पण मी भित्राही होतो, आणि दोन्हीतलं कोणतं जास्त होतं ते मला आजही ठरवता येत नाही.

मी म्हणालो, "आईला बँकॉक फार आवडलं." एवढंच बोलून मी आईच्या फोटोकडे पाहत उभा राहिलो. कोणीतरी मला खांद्याला धरून खाली बसवलं. सगळ्यांनी अनुमोदन म्हणून तीनदा साधु म्हटलं.

पंगत सुरू झाली तेव्हा काकू माझ्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"बेटा, माह्या पोराले एक फोन कर न. पाच साल झाले त्याले मस्कतले. मले तिकडं ने म्हटलं, का तो म्हणते, पुढच्या वर्षी पाहू. तू सांग त्याले, का तू आपल्या आईले कसं फिरवलं. मले बाजार-बिजार नाही पाहाचा, त्याचं घर दाखोलं तरी बस झालं. तुहं ऐकन तो. तू करून दाखोलं न."

मी हो म्हणालो. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मस्कतला फोन लावला. काकूंचा मुलगा माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आम्ही एकाच मैदानावर क्रिकेट खेळलेलो. त्यानं उचलल्या उचलल्या "जयभीम, दादा" म्हटलं. मीही जयभीम म्हटलं आणि नमनाला घडाभर तेल न घालता सगळं सांगितलं. शिफ्ट सांगितली, मॉल सांगितला, इमारतीतली मराठी कुटुंबं सांगितली. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला सांगत होतो. म्हणालो, "मी नेलं नाही रे. तू ने. काकूंना आधी शेजाऱ्यांदेखत तुझ्याबरोबर लिफ्टमध्ये उभं कर, बाकी शहर मग बघू."

फोन कटला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हणालो.

"लेकिन दादा," तो म्हणाला, "आई तर मले तुझंच उदाहरण देत राहते. हर बार."

"माझी आई खोटं सांगत होती. माझ्यासाठी."

"मग तुझ्या आईले फिरवलं कोणी? वो सीढ़ी, वो नाव, हे सगळं?"

"एक मुलगी होती. गाईड."

"काय नाव तिचं?"

चारही दिवस संध्याकाळी जेवताना आईनं प्रत्येक गोष्टीची सुरुवात त्या मुलीच्या नावानंच केली होती. ती असं म्हणाली, तिनं असं केलं, तिच्या आईचेही गुडघे दुखतात, मला तिला ठेचा द्यायचा आहे. मी समोर बसलेलो होतो. ताटाशेजारी मोबाइल ठेवून हूं हूं करत होतो.

"माहीत नाही," मी म्हणालो.