कोरडा म्हणून लिहिलेला ओढा

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही – आईपाशी नाही, रोज ज्यांच्यासोबत काम करते त्यांच्यापाशी तर नाहीच. आता लपवण्याचाही शीण होतो, म्हणून तुम्हाला सांगते.

मी पर्यावरणशास्त्र शिकले. माथेरानच्या पायथ्याशी, कर्जतच्या बाजूला, एका गावालगत नवी वसाहत व्हायची होती. जागेची पाहणी करून अहवाल लिहिण्याचे काम प्रथमच माझ्या एकटीकडे आले होते. उताराचे मोजमाप घेतले, माती तपासली, झाडे मोजली. सगळे चोख – निदान तोवर.

आराखड्यातला मुख्य रस्ता एका ओढ्यावरून जात होता. मे महिना होता, ओढा कोरडा. पण गावातल्या सुमनकाकू मला हाताला धरून पात्रात घेऊन गेल्या. तिथे डवरा होता – वाळूत हातभर खोल खणलेला खड्डा, त्यात पाणी सावकाश पाझरते. विहीर आटली की अख्खे गाव तेच पिते. करवंटीने भरून त्यांनी मलाही दिले.

"गोड हाय ना गं? भर उन्हाळ्यात बी आटत नाय. एवढं लिव, बाय."

मी हो म्हणाले. वहीत लिहिलेही.

अहवालात मात्र – इथे येऊन मी दर वेळी अडखळते – अहवालात मी लिहिले : ओढा हंगामी, उन्हाळ्यात कोरडा, पिण्यासाठी वापर नाही. खरे लिहिले असते तर रस्ता हलवावा लागला असता, आराखडा नव्याने झाला असता, आणि माझे पहिलेच काम रखडले असते. कोणी दबाव आणला? नाही. कोणी सुचवले तरी? तेही नाही. वसाहत बांधणाऱ्यांना काय हवे असेल, ते मीच आधी ओळखले.

ओढा डवऱ्यासकट सिमेंटच्या मोठ्या नळात गेला. वर भराव, त्यावर रस्ता.

यंदा उन्हाळ्यात दुसऱ्या कामासाठी त्याच रस्त्याने गेले. सुमनकाकू चारजणींसोबत हंडे मांडून टँकरची वाट पाहत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखले, सरकून शेजारी जागा केली आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "हिनं लिवलं व्हतं गं. पन हिचं कोन आयकतंय? वरच्यांनी काडून टाकलं असंल."

बायकांनी माझ्याकडे मायेने पाहिले. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. मी मान हलवली – होकारार्थी – आणि टँकर येईपर्यंत त्यांच्यात बसून राहिले.