एकालाच आत घेणारा सर्व्हर

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतोय — आत्ताच का, ते विचारू नका.

मिलिंद आणि मी लालबागच्या एकाच चाळीतले. दोघांचे वडील एकाच गिरणीत. संपानंतर दोघंही घरी बसले. मी शिकलो, परळच्या एका कंपनीत प्रोग्रामर झालो. मिलिंदला तिथं मीच चिकटवलं, केबल आणि नेटवर्कच्या कामाला. त्याचा मला केवढा अभिमान — म्हणजे, चिकटवल्याचा.

एका हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडक्यांसाठी आम्ही सर्व्हर बसवला. प्रोग्राम माझा, जोडणी मिलिंदची. सकाळी सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या की निम्मे कम्प्युटर ताटकळत राहायचे. बाहेर पेशंटची रांग, आरडाओरडा. एकेक खिडकी तपासली तर सगळं ठीक. साहेब म्हणाले, वायरिंग कच्चं आहे.

मिलिंदने सगळ्या केबल पुन्हा ओढल्या. मला म्हणाला, "तू तुझं चेक केलंस ना? मग माझंच कायतरी गंडलंय रे."

केलं होतं? नव्हतं. त्यानंतर केलं, आणि चूक सापडली. एखाद्या खिडकीच्या कम्प्युटरकडून नवं कनेक्शन आलं की सर्व्हरला इशारा मिळतो. चार एकदम आली तरी इशारा एकच मिळू शकतो. म्हणून बाहेर कुणी उरलं नाही असं कळेपर्यंत एकेकाला आत घेत राहायचं असतं. मी एकालाच घेत होतो आणि पुढच्या इशाऱ्याची वाट बघत होतो. बाकीची दाराशी उभी. इतकं साधं.

मी गप्प बसलो. साहेबांनी मिलिंदला कामावरून काढलं. नव्या माणसाने केबल बदलल्या, त्याच दिवशी मी माझी चूक गुपचूप दुरुस्त केली. सगळं सुरळीत झालं. दोष वायरिंगचाच होता अशी साहेबांची खात्री पटली — मिलिंदचीसुद्धा.

भीती वाटत होती का? तेव्हा वाटली असेल. आता काहीच वाटत नाही, हेही सांगून टाकतो.

मिलिंद कुरिअरच्या कामाला लागला. कम्प्युटरला त्याने पुन्हा हात लावला नाही. गेल्या वर्षी त्याच्या मुलीला दहावीनंतर सायन्स घेऊन कम्प्युटरकडे जायचं होतं. त्याने मला घरी बोलावलं. "आपल्या घरात नाय जमत ते, बाय. मी करून बघितलंय. काकांना विचार."

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाबा सांगतात ते ऐक."

तिने कॉमर्स घेतलं.