मामांचं भरलेलं गोदाम

"चार हजार चादरी काय उंदरांनी खाल्ल्या व्हय, दादा?"

मामेभाऊ असा ओरडला की वकिलांच्या कपाटातल्या फायली दचकून उभ्या राहिल्या आणि खाली रस्त्यावर रसवाल्याचा चरक जागच्या जागी थांबला. दोन वर्षांत या प्रश्नावर गप्प बसायची मला इतकी सवय झाली होती की झोपेतसुद्धा बसलो असतो.

मामांचा सोलापुरात चादरींचा कारखाना. आठ माग आणि मागच्या बाजूला गोदाम. जाण्याआधी त्यांनी मृत्युपत्र केलं. सगळं मुलाला आणि मुलीला निम्मं निम्मं, आणि कोर्टातून ते पक्कं होऊन वाटणी होईस्तोवर सांभाळणारा व्यवस्थापक मी. 'भाच्याने योग्य तो मेहनताना घ्यावा,' अशी एक ओळही वर घातली. मुलगा पुण्याला, मुलगी कुर्डुवाडीला, आणि मी कोर्टापासून सायकलच्या अंतरावर. त्यामुळे मृत्युपत्र पक्कं करायच्या, प्रोबेटच्या तारखा माझ्या वाट्याला आल्या. त्या आवारात मी एवढा चहा प्यालो की त्यात उजनी धरण दोनदा भरलं असतं. तिथली मांजरं मला बघून बाकावरून उठून जागा द्यायची.

शेवटी मेहनताना आणि खर्च लिहून कागद दिला, तर दोघांनी मिळून हरकत घेतली. मेहनताना जास्त आहे, हे पहिलं. दुसरं असं की, यादीत मी तीनशे चाळीस चादरी दाखवल्या होत्या आणि लहानपणापासून त्यांनी गोदाम गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरलेलं बघितलं होतं, चार हजार चादरी तरी असतील असा त्यांचा हिशेब. तिसरं सगळ्यात वाईट होतं. यादी व्हायच्या आधल्या दिवशी भर दुपारी गोदामातनं टेंपो भरून माल गेला, तो समोरच्या पानवाल्यानं पाहिला होता. म्हणून मला व्यवस्थापक पदावरून काढावं, दमडी देऊ नये, असं त्यांचं म्हणणं.

पानवाल्यानं खरंच पाहिलं होतं. टेंपो मीच बोलावला होता.

आमच्या धंद्यात सूतवाला उधारीवर सूत देतो ते गोदाम बघून. मामांचे माग शेवटची वीस-पंचवीस वर्षं निम्मे बंदच होते. पुढच्या रांगेत चादरींचे खरे गठ्ठे, मागे छतापर्यंत चिंध्या आणि तुटक्या सुताचे, तसेच गोणपाटात शिवलेले. शिवायला मी असायचो. मामा सुई ओढत म्हणायचे, "टाका सरळ घाल, सूतवाल्याची नजर लई बारीक हाय." गठ्ठे इतके हुबेहूब व्हायचे की एकदा एक मांजर त्यावर व्यायली आणि पिल्लं थेट चादरीच्या नक्षीची निघाली. सूतवाल्याची पै न् पै मामांनी फेडली, पण गठ्ठे तसेच राहिले.

आणि यादीला पंच म्हणून मुलानं कुणाला बोलवावं? त्याच सूतवाल्याला. अण्णांचा, म्हणजे मामांचा, जुना मित्र म्हणून. तो म्हातारा मागचा गठ्ठा उसवून चिंध्या बघणार, हे मला सोसेना. यादीच्या आधी मी सगळ्या चिंध्या, चिंध्या पिंजून सूत काढणाऱ्या गिरणीवाल्याकडे पोचवल्या. त्याचं जे काही आलं ते मामांच्या खात्यात जमा केलं, पण नाव लिहिलं 'भंगार'.

आता खरं सांगावं तर मामांची अब्रू जाते, न सांगावं तर मी चोर. वर माझी ख्याती अशी की घरी उशिरा आलो तरी वाटेत हत्ती आडवा आला म्हणून सांगणारा मी. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

त्या दिवशी मामेभाऊ ओरडल्यावर माझे वकील म्हणाले, पुढच्या तारखेला शपथेवर सांगावं लागेल, भर कोर्टात. सूतवालाही साक्षीला येणार होता. मला एकदम फार थकल्यासारखं झालं. मी वकिलांना दोन मिनिटं बाहेर जायला सांगितलं, आणि दार लागल्यावर त्या दोघांना सगळं सांगितलं. चिंध्या, सुई, टाका. हत्ती नाही, धरण नाही, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी एक गोष्ट होती तेवढीच सांगितली.

"मेहनताना नको मला," मी म्हणालो. "हरकत मागे घ्या. सूतवाल्याला कळू देऊ नका."

मामेबहीण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "अण्णा मला मागच्या गठ्ठ्यांवर कधी चढू द्यायचे नाहीत. दबतात म्हणायचे."

मामेभावानं रुमाल काढून तोंड पुसलं. मला वाटलं, आता हा रडणार. त्यानं माझा खर्चाचा कागद पुढं ओढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मग टेंपोचं भाडं अण्णांच्या खात्यातनं का घेतलंस?"