शाळेच्या फाटकापर्यंत

रात्रपाळीच्या माणसाला आपली मुलं दिवसा भेटतात, तीही अर्धवट झोपेत आणि बहुतेक वेळा फक्त कानांनी. त्या वर्षांत मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. सकाळी लालबागच्या चाळीतल्या खोलीत पोचायचो तेव्हा शाळेची तयारी चाललेली असे. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाव्या वर्षात. पाटी पुसायचा ओला बोळा कुणी कुणाच्या डबीतून पळवला, यावर रोजचं भांडण. ते दोघे गेले की मी चहा घेऊन आडवा होई. दुपारी शाळा सुटली की खाली चौकात खेळ सुरू होत आणि तिथून पुढे झोप म्हणजे नुसतं डोळे मिटून पडणं.

ती झोपमोड नकोशी नव्हती. लगोरी पडल्याचा आवाज, मग पळापळ, मग कुणीतरी रडीचा डाव खेळतंय म्हणून ओरडा, मग दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा दम. त्या गलक्यातून आपल्या पोरांचे दोन आवाज वेगळे काढायचे आणि कुशीवर वळायचं.

मुलीचा आवाज काढायला वेळ लागत नसे. चौकात सगळ्यांत जास्त ती धावे आणि तिला कुणीच पकडत नसे. ती कच्चा लिंबू होती. लहान पोराला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण ते बाद झालं तरी बाद धरायचं नाही आणि त्याच्यावर डाव द्यायचा नाही, असा तो नियम. नियम चालवणारी होती शेजारच्या खोलीतली बारा वर्षांची मुलगी. तिचे वडील गिरणीत जॉबर होते. हाताखालच्यांना कामाला कसं लावायचं हे तिने घरीच ऐकलेलं असावं. चाळीतली सगळी पोरं शाळेला तिच्या मागून जात. ट्रामच्या रुळांजवळ ती हात आडवा धरी. "कोणी पाऊल टाकलं तर बघा हां!" तिचा हात खाली येईपर्यंत एकही पोर हलत नसे.

मग मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवणार असं जाहीर झालं आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. त्या जानेवारीत लाठीमार झाला, अश्रुधूर झाला, गोळीबार झाला, संचारबंदी आली. शाळा बंद झाल्या. मी कधी कधी कचेरीतच राहून जाई, कारण बाहेर पडलेला माणूस घरी पोचेलच असं नव्हतं. मृतांच्या बातमीत वय असतं आणि पत्ता असतो. पत्ता आधी वाचायचा, वय नंतर, अशी माझ्या डोळ्यांना सवय लागली. मग मथळा द्यायचा.

तशाच एका दुपारी घरी आलो तर चाळीचं फाटक आतून लावलेलं, आणि चौकात नवा खेळ. अर्धी पोरं मोर्चा, अर्धी पोलीस. पोलीस व्हायला कुणी राजी नसे, म्हणून तळहात उलटसुलट टाकून, चकून ठरवत. पोलिसांच्या हातात लाकडाच्या फळ्या. त्यांनी "ठो" म्हटलं की समोरच्याने पडायचं. पडलेल्याला उचलून नळाजवळ न्यायचं, तिथे दवाखाना. मी गॅलरीतून बघत होतो. आमची मुलगी मोर्चात सगळ्यांत पुढे होती. ठो झालं आणि ती पडली.

"ए, तू ऊठ," जॉबरची मुलगी म्हणाली. "तू कच्चा लिंबू. तुला गोळी लागत नाही."

"लागली मला."

"नाही लागत. ऊठ म्हणते ना!"

"तो मघाशी मेला, ती मेली, सगळे मेले. मला पण मरायचंय!"

समोर धुणं वाळत घालणाऱ्या बाईंचे हात तसेच वर राहिले. मी हाक मारायला वाकलो, तेवढ्यात बायकोने मागून सदरा धरला. ती घाबरली की मालवणीत बोले.

"खेळांदेत त्यांका," ती म्हणाली. "पोरां गप रवली की माका जास्त भीती वाटता."

मी हाक मारली नाही. मुलगी उठली, फ्रॉक झटकला आणि पायरीवर जाऊन बसली.

काही दिवसांनी शाळा उघडल्या. पहिल्या सकाळी चौकात पोरं जमली, तेव्हा मी मुलीचा हात धरून खाली उतरलो. मुलगा ओळख नसल्यासारखा टोळीबरोबर पुढे गेला. रस्त्यावरचे दगड कडेला लोटलेले होते. ट्रामच्या तारेत संक्रांतीचा एक पतंग अडकून फाटत होता. शाळेच्या फाटकाजवळ बोरं विकणारी बाई पुन्हा बसली होती आणि पोरं तिच्याशी घासाघीस करत होती, जणू मधे काही झालंच नव्हतं. मुलगी आत गेली. मी भिंतीशी उभा राहिलो. हजेरी झाली, प्रार्थना झाली, मग पाढे सुरू झाले. सबंध वर्ग एका सुरात म्हणत होता आणि मागच्या बाकांवरून कुणीतरी अर्ध्या आकड्याने मागे पडत होतं. ते ऐकताना बरं वाटलं. बरं वाटतंय तोवर कोपऱ्यावर कुणी पळताना दिसलं आणि मी फाटकाकडे सरकलो. घरी जाऊन झोपायचं तर झोप कुठली. शाळा सुटायच्या आधीच मी पुन्हा फाटकाशी.

हे रोजचं झालं. मुलीने काही दिवस सोसलं. मग एका सकाळी तिने जिन्यातच हात सोडवून घेतला.

"बाबा, तुम्ही नका येऊ."

"का?"

"तुम्ही येता म्हणून मी कच्चा लिंबू."

पहिल्यांदा मला संबंध कळला नाही. दुपारी मी जॉबरच्या मुलीला गॅलरीत गाठलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने सगळं सांगितलं.

"ती म्हणते, मला बाद धरा, माझ्यावर डाव द्या. मी म्हटलं, ज्याला शाळेत पोचवायला बाप लागतो तो कच्चा लिंबू. सगळ्यांना विचारून ठरवलंय, काका. मी एकटीने नाही."

"सध्या दिवस कसे आहेत, तुला माहीत आहे."

"आमच्यापण दारावरूनच गेली ना पोलिसांची गाडी." तिने खडा वेचून बाहेर टाकला. "काका, तुम्ही पेपरात असता. गडबड कधी होणार ते तुम्हाला आधी कळतं?"

"नाही. झाल्यावर कळतं."

"मग तुम्ही बरोबर असून काय उपयोग?"

याला उत्तर होतं. गडबड झालीच तर मोठा माणूस मुलाला उचलून आडोशाला नेऊ शकतो, हे खरं आहे. मी ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"मी पण उचलते," ती म्हणाली. "शाळा बंद झाल्या त्या दिवशी दगड आले तेव्हा तुमच्याच मुलाला धरून दुकानात नेला. सांगितलं नाही त्याने?"

त्याने सांगितलं नव्हतं. बायकोला विचारलं, तर तिला ठाऊक होतं.

"आधीच तुमची झोप होईना. त्यात ह्यां कशाक सांगू?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "लगीन होईपर्यंत पोचवतलात तिका?"

पुढचे काही दिवस मी कचेरीत येणाऱ्या प्रत्येक तारेकडे एकाच नजरेने पाहत होतो. उद्या सकाळी लालबागला काही आहे का? नसलं तरी त्याचा अर्थ काही नव्हता. याआधीही निवांत रात्रीनंतर दुपारी सगळं पेटलं होतं. तेव्हा शहराची शाश्वती बघून निर्णय घ्यायचा तर तो कधीच घेता येणार नाही, एवढं मला कळत होतं. मुलगी मात्र रोज माझा हात धरून जात होती आणि रोज पायरीवर बसत होती. खेळात धावणंही तिने सोडलं. चौकातला तो एक आवाज कमी झाला आणि मी अंथरुणात पडून त्याचीच वाट पाहू लागलो.

एका सोमवारी मी खाली उतरलो नाही. गॅलरीच्या कठड्याशी उभा राहिलो. टोळी निघाली. मुलीने वर पाहिलं, मी येत नाही याची खात्री करून घेतली आणि जॉबरच्या मुलीच्या मागे रांगेत शिरली. फाटकाबाहेर पडल्यावर वळणापर्यंत ती दिसली. मग दिसली नाही. मी आत गेलो, बाहेर आलो, पुन्हा आत गेलो. बायको भाकऱ्या करत होती. तिच्या हातून एक भाकरी करपली. तिने दुसरी थापायला घेतली. शाळा सुटल्यावर पोरांचा आवाज चाळीच्या फाटकाशी आला तेव्हा मी उठून पाणी प्यायलो.

त्या संध्याकाळी चौकात डबा ऐसपैसचा खेळ होता. डब्याच्या दणक्याने बायका दचकतात म्हणून मधे तो बंद पडला होता. आता कुणीतरी वनस्पती तुपाचा रिकामा डबा शोधून आणला होता. डाव आमच्या मुलीवर होता. बाकीच्यांनी लपायचं, तिने डबा राखत त्यांना शोधायचं, आणि शोधत दूर गेली की कुणीतरी येऊन डब्याला लाथ मारायची, की डाव पुन्हा तिच्यावर. तसं पुन्हा पुन्हा झालं होतं. मी कामावर निघालो तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि नाक लाल. जॉबरची मुलगी आता तरी तिला सोडेल असं वाटलं. तिने सोडलं नाही.

मी चौक ओलांडताना डब्याजवळ थांबलो. मुलगा पाण्याच्या पिंपामागे बसलेला मला दिसत होता.

"बाबा, कोण दिसतंय का तुम्हाला?" मुलीने हळूच विचारलं.

"मला उशीर होतोय," मी म्हणालो.

"मग बाजूला व्हा ना! तुमच्याआडून कोणीतरी येईल."

मी बाजूला झालो. मुलगा तेवढ्यात माझ्या पाठीच्या आडोशाने वाकून धावत निघालेला होता, तो एकदम उघड्यावर आला. तिने त्याचं नाव ओरडून डब्यावर पाय दिला. तो हातपाय आपटू लागला. बाबांनी मदत केली, हा रडीचा डाव, पुन्हा घ्या. जिन्याखालून जॉबरची मुलगी निवाडा द्यायला बाहेर आली.

"काका नुसते बाजूला झाले," ती म्हणाली. "त्यात मदत कसली? तू बाद."