अप्पांनी कायदा आधी स्वतःच्या घरी नेला

श्री. तोताराम उखाजी पाटील, म्हणजे आमचे अप्पा, यांना मी प्रथम पाहिले ते शाळेच्या दारात. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा देऊन मी त्यांच्या गावी नुकताच मास्तर म्हणून आलो होतो. कळसाडीच्या पुढे तापीच्या अंगाला वसलेले हे गाव कापसाचे आणि उसाचे. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरे. अप्पांनी जोडे बाहेर काढले, मुले पाढे म्हणत होती ती थांबू नयेत म्हणून हातानेच मला खूण केली आणि मुलांच्या मागे तरटावर जाऊन बसले. पाढे संपल्यावर त्यांनी विचारले, "मास्तर, हाई मांगली पट्टी खाली काबरं शे?"

मी म्हणालो, "ती पोरं ढोरंमांगे जातस."

अप्पा "हां" एवढेच म्हणाले आणि जोडे घालून निघून गेले. गावातला मोठा शेतकरी शाळेत येऊन काही हुकूम न देता परत जातो, याचे मला त्या दिवशी नवल वाटले होते. ते पुन्हा येतील असे मला वाटले नव्हते. पण पुढे आठवड्यातून एखादे वेळी तरी ते येऊन बसत.

अप्पांचे स्वतःचे शिक्षण मराठी पाच इयत्ता झालेले. आईवडील लवकर गेले. थोरले बंधू ओंकारदादा यांनीच त्यांना लहानाचे मोठे केले, शहाद्याला शाळेत ठेवले आणि शेती जोडून घर वर आणले. अप्पा दादांपुढे कधी पलंगावर बसत नसत, दादांच्या आधी जेवत नसत. हे मी अशासाठी सांगतो, की पुढे जे घडले ते ज्यांनी हे घर पाहिलेले नाही त्यांना नीट समजणार नाही.

अप्पा लोकल बोर्डात निवडून गेले आणि तेथून स्कूल बोर्डावर आले, तोच आपल्या इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदा लागू होण्याचा काळ. पूर्वीचा कायदा शहरांपुरता होता. या नव्या कायद्याने खेड्यांतल्या शाळा लोकल बोर्डांच्या हाती आल्या आणि बोर्डाने ठरवले तर गावात सक्तीचे शिक्षणही सुरू करता येऊ लागले. आपल्या पश्चिम खानदेशात सक्ती व्हावी म्हणून जे सभासद आग्रह धरून बसले, त्यांत अप्पा होते. कायद्याचे मराठी भाषांतर त्यांनी मागवून घेतले होते. कलमे समजली नाहीत की ते शाळा सुटल्यावर माझ्याकडे येत आणि आम्ही दोघे देवळाच्या पायरीवर बसून ती वाचीत असू. कायदा असा, की ठरावीक वयाच्या मुलाला आईबापांनी शाळेत पाठवलेच पाहिजे. न पाठवल्यास गावच्या हजेरी कमिटीने नोटीस द्यावी आणि तरीही मुलगा न आल्यास मामलेदारांपुढे खटला करावा. शाळेच्या वेळात अशा मुलाला जो कामावर ठेवील त्यालाही दंड होता. आमच्या गावात सक्ती लागू झाली आणि हजेरी कमिटीचे अध्यक्षपद अप्पांकडे आले.

आता आमच्याकडची आखाजीची रीत सांगितली पाहिजे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचे, साल संपते आणि नवे ठरते. मोठी माणसे शेतावर राहतात, तशीच भिल्लांची मुले गुरे राखायला वर्षभरासाठी ठरवली जातात. शाळेचे वर्ष सुरू होते त्यानंतर, पाऊस पडू लागल्यावर. आम्ही पटनोंदणी करायला वस्तीत गेलो तेव्हा मुले आधीच दुसऱ्यांच्या गोठ्यात पोचलेली होती. कमिटीने नोटिसा काढल्या त्या आईबापांवर. कामावर ठेवणाऱ्याचे कलम आम्ही सर्वांनी वाचले होते, पण ते कापसाच्या जिनांसारख्या कारखान्यांसाठी असावे असे आम्ही धरून चाललो. कारण गुराखी मुलगा आमच्या घरी जेवतो, गोठ्यात निजतो, दिवाळीला नवा सदरा घेतो, रागावला तर धन्याच्या आईजवळ जाऊन रडतो. त्याला आपण कामावर ठेवले आहे असे कोणाच्या मनातच येत नसे.

चावडीत कमिटीची बैठक होती. सोन्या नावाचा भिल्ल नोटीस हातात धरून दाराशी उभा राहिला. अप्पांनी त्याला आत बोलावले.

सोन्या म्हणाला, "अप्पा, पोर मन्हा शे, पन आखाजीले त्याले मी ओंकारदादाना घर ठेई दिधा. तुम्ही म्हंतस शायमा धाड. दादाना गोठामाईन मी त्याले कसा काढू?"

सगळे हसले. कमिटीतले एक शेटजी म्हणाले, "सोन्या, तू ते अप्पावरच फिर्याद करी ऱ्हायना!"

अप्पा हसले नाहीत. "बरोबर बोली ऱ्हायना तो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "मास्तर, ही नोटीस रद्द करा. दुसरी दादाना नावनी लिखा."

शेटजी दचकले. "अप्पा, भाऊवर नोटीस? कायदामा तसं शे का?"

"शे. आपन वाचं तव्हय दुसरासकरता वाचं."

नोटीस पोचवायची कोतवालाने. तो बिचारा पुनःपुन्हा कागद उलटासुलटा करून पाहू लागला आणि म्हणाला, "अप्पा, तुमनाच घरनी नोटीस शे. जाता जाता तुम्हीच देई टाका ना."

"घरमा मी धाकला भाऊ शे रे," अप्पा म्हणाले. "दादाले कागद देवाना मन्हा हक नही. तुले कमिटी धाडी ऱ्हायनी. तू जाय."

पुढचे मला कोतवालानेच सांगितले. दादा ओट्यावर होते, अप्पाही तोवर घरी येऊन खाली बसले होते. दादांनी कागद कोणाकडून तरी वाचून घेतला आणि विचारले, "तोताराम, घरमाच कचेरी भराई दिधी का?"

"कचेरी शहाद्यालेच भरी, दादा. पोरले शायमा धाडं ते तीबी भरनार नही."

"आनि ढोरं कोन चारी? तू?"

"चारसू," अप्पा म्हणाले.

ते खरेच दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन गोठ्यापाशी गेले. स्कूल बोर्डाचा सभासद गुरांमागे निघालेला पाहायला अर्धे गाव जमले. पण दादांनी दावी सोडू दिली नाहीत. "घरना धनी ढोरं चारी? लोके थुंकतीन मन्हा तोंडवर," असे म्हणून त्यांनी अप्पांच्या हातची काठी घेतली आणि सोन्याच्या मुलाच्या हाती दिली. मुदत संपली. खटला झाला.

दोघे भाऊ शहाद्याला एकाच छकड्यातून गेले, कारण घरात छकडा एकच होता. एक आरोपी आणि एक फिर्यादी कमिटीचा अध्यक्ष. कचेरीत मामलेदारांनी विचारले तेव्हा दादांनी एवढेच सांगितले की मुलगा माझ्याकडे आहे, हे खरे आहे. खोटे बोलायला त्यांना कोणीतरी शिकवले होते, पण त्यांनी ते केले नाही. दंड झाला, त्यांनी भरला. येताना दादा छकड्यात बसले आणि अप्पा मागून पायी आले. थोड्याच दिवसांत दादांनी पंच बोलावून वाटण्या केल्या. विहिरीकडची जमीन दादांकडे राहिली आणि नदीकडची भेगाळलेली अप्पांकडे आली. पंचांपैकी एकाने, "अप्पा, काही तरी बोला," असे म्हटले. अप्पा म्हणाले, "दादांनी दिले ते मी लहानपणापासून घेत आलो आहे." त्या दिवसापासून दोघा भावांचे बोलणे बंद झाले.

गावात याचा परिणाम काय झाला, तो मी शाळेत बसून पाहिला. दुसऱ्या कोणावर नोटीस काढावी लागली नाही. अप्पांनी सख्ख्या भावाला सोडले नाही, तर आपल्याला काय सोडतील, असा विचार करून एकेकाने आपापला गुराखी शाळेत पाठवला. काहींनी तर सदरा धुऊन पाठवला. पुढल्या वर्षापासून अप्पांनी पटनोंदणी आखाजीच्या आधी करायला लावली. आखाजीच्या दिवशी पोरीबाळी झोक्यांवर गाणी म्हणत असत आणि अप्पा सकाळपासून पारावर येऊन बसत. तेथे सालदारांचे ठरत असे. एखाद्याने लहान मुलगा पुढे केला, की अप्पा म्हणत, "हाऊ शायना शे. दुसरा देखा." हा शाळेचा आहे, एवढेच. कोणी त्यावर वाद घातल्याचे मला आठवत नाही.

सोन्याचा मुलगा शिकून मास्तर झाला, असे लिहायला मला आवडले असते. तो चौथी झाला आणि पुन्हा शेतावरच गेला. आज तो सालदार आहे. मात्र त्याची दोन्ही मुले माझ्या शाळेत आहेत आणि त्यांच्यासाठी कोणाला नोटीस काढावी लागलेली नाही.

अप्पांच्या माझ्यावरील लोभाचा एक प्रसंग सांगतो. बोर्डातल्या एका सभासदाच्या निवडणुकीत मी घरोघर फिरलो नाही, म्हणून मधली काही वर्षे माझी बदली नवापूर तालुक्यात खांडबाऱ्याच्या पलीकडे झाली. तेथे मुले घरी डोंगरातल्या कोकणी जमातीची बोली बोलत आणि माझे पुस्तकी मराठी ऐकून एकमेकांकडे पाहत. माझी पत्नी तापाने अंथरुणाला खिळली होती. एके दिवशी अप्पा आगगाडीने खांडबाऱ्याला उतरले आणि दादर ज्वारीचे पोते हमालाच्या डोक्यावर देऊन आमच्या झोपडीपाशी आले. बदली रद्द करवतो, असे मात्र ते म्हणाले नाहीत. मी विचारले तेव्हा म्हणाले, "मास्तर, तुमना करता बदली फिरावी ते मीबी त्याच सभासदसारखा व्हयनू." मला त्या वेळी वाईट वाटले. देवापुढे दिवा लावताना मी ते देवाला बोलूनही दाखवले. आज वाटते, त्यांनी मला आपल्या माणसांत धरले, म्हणूनच सवलत दिली नाही. पत्नी उठून बसेपर्यंत ते आमच्याकडे राहिले आणि रोज सकाळी विहिरीवरून पाणी त्यांनी आणले.

त्या मुक्कामात त्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतली. होळी जवळ आली की डोंगरातली शाळा ओस पडे. काठी गावच्या होळीला लोक लांबलांबून चालत जात. इन्स्पेक्टर मात्र गैरहजेरीबद्दल मास्तराला जाब विचारीत. अप्पांनी बोर्डात ठराव मांडला की कायदा साऱ्या इलाख्याला एक असला तरी सुट्ट्या त्या त्या मुलखाच्या हंगामाप्रमाणे द्याव्यात. डोंगरात होळीची सुट्टी वाढवावी आणि दिवाळीची कमी करावी. ठराव तेव्हा पडला. त्यांनी तो पुढच्या वर्षी पुन्हा मांडला, त्याच्या पुढच्या वर्षीही मांडला, आणि शेवटी सभासदांनी कंटाळून पास केला.

लोकांचे मंत्रिमंडळ आले तेव्हा कायद्यात फेरफार झाला आणि शाळांच्या तपासणीचे काम बोर्डांकडून काढून पुन्हा सरकारने घेतले. बोर्डाचे सभासद फार रागावले. आपला हक्क गेला, अशी भाषणे झाली. अप्पा उठले आणि म्हणाले, "आपल्याला मास्तरांच्या बदल्या करायचा हक्क हवा होता. शाळा पाहायला आपल्यातले किती जण गेले?" यामुळे पुढच्या निवडणुकीत त्यांची जागा गेली. जिल्ह्यात हायस्कुले निघावीत, पुढे कॉलेजही असावे, असे तरुण मंडळी म्हणू लागली तेव्हा त्यांनी बोर्डिंगसाठी आपली नदीकडची जमीन देऊ केली. अट घातली ती एकच, की तेथे पहिली खोली भिल्लांच्या मुलांना मिळावी.

अप्पांना यंदा साठ वर्षे पुरी होत आहेत. सत्काराचे विचारायला आम्ही गेलो, तर त्यांनी नको म्हटले. फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "आधी दादाले इचारा. दादा नही म्हनतीन ते हार विकत लेऊ नका."

कोणी जायला तयार होईना, म्हणून मी गेलो. दादा आता थकले आहेत, नजरही कमी झाली आहे. ओट्यावर बसून ते दोर वळीत होते. मी येण्याचे कारण सांगितले. वळता वळताच त्यांनी विचारले,

"साठ वरीसना व्हई गया का तो?"

"हो, दादा."

"माले काय इचारतस? माले कचेरीमा उभा करं, तव्हय त्यानी माले इचारं व्हतं का?"

मी म्हणालो, "नही, दादा."

"इचारं ऱ्हातं ते मी नही म्हनी देतू. आनि तो मन्हा शबद मोडता नही." दादांनी दोर बाजूला ठेवला. "म्हनीसनच इचारं नही त्यानी. हाई माले कव्हयनं समजेल शे."

मी उठलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "मास्तर, गाडी धाडज्यात. पायमा बळ नही मन्हा. आनि माले त्याना पुढे बसाडू नका. तो देखी आनि उठी उभा ऱ्हाई. स्वतःना सत्कारमा कोनी उभं ऱ्हास का?"

गाडी सांगून ठेवली आहे. दादांना कोठेही बसवले, तरी अप्पा त्यांना पाहतील आणि उठून उभे राहतील, हे त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. थोरल्या भावासाठी असे उठून उभे राहण्याचे बळ देवाने अप्पांच्या पायांत पुष्कळ वर्षे ठेवावे, आणि ज्यांच्यासाठी उभे राहायचे त्या दादांनाही तितकेच आयुष्य द्यावे, एवढेच माझे मागणे आहे.