घुंगुरकाठीची मोकळी जागा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी काटेवाडीला लेकीकडे मेथी निवडत बसले होते. "आत्या, दादा गेलं... तू ये," एवढंच पुतण्या म्हणाला. वाटेत मनात सारखं येत होतं, पाटी बदलायची राहिलीच की.

दादा माझा थोरला भाऊ. बँकेतली नोकरी सांभाळून तो सुट्टीच्या दिवशी आमच्या लोकांचे माळे धुंडाळायचा. धम्म घेतल्यावर घरोघरी ज्या वस्तू टाकून दिल्या होत्या, त्या मागून आणायचा. त्यांत घुंगुरकाठ्या बऱ्याच होत्या. गावकीचं काम करणाऱ्यानं ती काठी वाजवत साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, अशी ती रीत. आमच्या वडिलांची काठी निमगावच्या घरात खुंटीला असायची. धक्का लागून वाजली की आई पदरासकट घुंगरं मुठीत गच्च दाबायची.

"चुलीत घाल ती एकदाची. सायबाची हाक आली की तुझा बाप ताटावरनं उठून ही वाजवत पळायचा."

"म्हणूनच ठिवायची, आई," दादा म्हणायचा. "उद्या पोरं म्हणतील, असलं काय नव्हतंच."

पुढं बारामतीत संग्रहालय उभं राहिलं ते दादाच्याच वस्तूंवर. उद्घाटनाला त्यानं नवा सदरा शिवला होता. हार झाले, भाषणं झाली, मग आम्ही आत गेलो. घुंगुरकाठ्या संबळ-तुणतुण्याशेजारी मांडलेल्या आणि वर ठळक पाटी: लोकवाद्ये. संग्रहालयाचे चिटणीस कौतुकानं म्हणाले, "घुंगरं आहेत ना!" दादाचा चेहराच उतरला. "सायेब, ही वाद्यं न्हाईत. ह्याच्या तालावर कुणी नाचत नव्हतं." वडिलांच्या काठीसाठी मधोमध जागा मोकळी ठेवली होती. "आधी पाटी बदला," म्हणून दादा ती तशीच घरी घेऊन आला. मग हेलपाटे सुरू झाले. दर वेळी चहा मिळायचा, एकदा शालही मिळाली, पाटीचं मात्र पुढच्या बैठकीत. त्या माणसांच्या मनात वाईट काही नसेलही... पण माझा हसरा भाऊ त्या एका शब्दानं कुढत गेला, याचा मला फार राग येतो.

परवा चिटणीसांचा फोन आला. "दादांची आठवण म्हणून ती काठी द्या. खाली त्यांचं नाव लावू."

"पाटी बदलली?"

"बैठक व्हायचीय अजून..."

"मग काठी घरीच राहील," म्हणून मी फोन ठेवला. तरी रात्रभर वाटत राहिलं, मीही म्हातारी झाले, माझ्यामागं हे कोण सांगणार?

काल दादाची खोली झाडताना खुंटीवरच्या काठीला खांदा लागला आणि घुंगरं वाजली. माझा हात आईसारखाच पदर धरून पुढं गेला... आणि थांबला. मी पदर सोडला आणि काठी वाजू दिली.